पाहुण्यांच्या नजरेचा मालक कोण?

१९५५ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयापुढे टेबलावर ठेवायच्या घड्याळाचा खटला आला. अ‍ॅटमॉस नावाचं ते घड्याळ हवेच्या तापमानातल्या बारीकसारीक चढउतारांवर चालतं. त्याला किल्ली द्यावी लागत नाही की वीज जोडावी लागत नाही. अर्थातच ते महाग होतं, आणि दिवाणखान्यात दिसलं की आल्यागेल्यावर छाप पडे. मास्टरक्राफ्टर्स नावाच्या कंपनीने दिसायला तसंच, पण विजेवर चालणारं स्वस्त घड्याळ बाजारात आणलं. निकाल नक्कल करणाऱ्याच्या विरोधात गेला, आणि त्यासाठी दिलेलं कारण मला आजही चमत्कारिक वाटतं. काही गिऱ्हाइकं हे स्वस्त घड्याळ मुद्दाम घेतील, घरी आलेल्या पाहुण्यांना ते महागातलं वाटावं म्हणून; आणि पाहुण्यांचा असा गैरसमज होणं हेच मूळ कंपनीचं नुकसान, असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणजे गिऱ्हाईक फसलं नव्हतं. पैसे मोजताना आपण काय घेतोय हे त्याला नीट ठाऊक होतं. फसणार होते ते पाहुणे, आणि पाहुण्यांनी तर दमडीही खर्च केली नव्हती.

हा निकाल सत्तर वर्षं जुना. तेव्हा अशी नक्कल करायची तर कारखाना लागे, माल विकायला दुकानं लागत. त्यामुळे पाहुण्यांच्या नजरेचा प्रश्न आला तरी खटला एका कंपनीने दुसऱ्या कंपनीवर भरलेला असे, आणि त्या भांडणात हा तर्क फारसा कुणाला खुपला नाही. आता संगणकातल्या फाइलीवरून वस्तू घडवणारा थ्रीडी प्रिंटर आला आहे. घड्याळाची नक्कल करणारा, ते वापरणारा आणि पाहुण्यांपुढे मिरवणारा हे तिघंही एकच माणूस असू शकतात, आणि त्याने कुणाला काही विकलेलंच नसतं. १९५५ चा तर्क या माणसाच्या घरात शिरू द्यायचा का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. पण त्या उत्तराची काही किंमतही मोजावी लागेल, तीही सांगितली पाहिजे.

आधी भीतीचा थोडा हिशेब करू. गार्टनर या सल्लागार कंपनीने २०१४ च्या सुरुवातीला भाकीत केलं होतं, की २०१८ पर्यंत थ्रीडी प्रिंटिंगमुळे जगभरात बौद्धिक संपदेचं दरवर्षी किमान १०० अब्ज डॉलरचं नुकसान होईल. त्या भाकिताला निमित्तही होतं. वितळलेल्या प्लास्टिकचे थरांवर थर चढवून वस्तू घडवणाऱ्या पद्धतीचं स्ट्रॅटासिस कंपनीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं, आणि एरवी मोठ्या कंपन्यांनाच परवडणारं यंत्र हौशी माणसाच्या टेबलावर आलं. २००८ पासून थिंगिव्हर्ससारख्या संकेतस्थळांवर वस्तूंच्या फाइली फुकट मिळू लागल्या होत्याच. गाण्यांचं जे झालं तेच आता पर्सचं आणि चपलांचं होणार, असं बऱ्याच जणांना वाटलं.

झालं मात्र काही निराळंच. बनावट मालाचा धंदा प्रचंड आहे यात शंका नाही. ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची संघटना आणि युरोपीय संघाचं बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये अशा मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ४६४ अब्ज डॉलरच्या घरात होता, जगाच्या एकूण व्यापाराच्या अडीच टक्के. पण हा माल आजही मुख्यतः शिलाईयंत्रं, साचे आणि ओतकाम याच जुन्या वाटांनी तयार होतो. कारण अगदी साधं आहे. प्लास्टिकचा साचा एकदा बनवला की त्यातून काही सेकंदांत एक नग पडतो. तोच नग घरगुती प्रिंटरवर काढायला तास-दोन तास जातात. दहा हजार नग हवे असणाऱ्याने प्रिंटर घेणं म्हणजे विहीर भरायला चमचा घेऊन बसणं.

शिवाय सगळंच छापता येत नाही. एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या महागड्या बर्किन पर्सचे टाके एका धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून हाताने घातलेले असतात, आणि पर्स सहसा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर घडवतो. चामड्याचा लवचीकपणा, त्याचा वास, वापराने येणारी झाक हे प्लास्टिकच्या रिळातून निघत नाही. यांत्रिक घड्याळाची चक्रं ज्या सूक्ष्म मापात कापलेली असतात, ते टेबलावरच्या प्रिंटरच्या आवाक्याबाहेरचं आहे. मी स्वतः एकदा पट्ट्याचं बक्कल छापून पाहिलं. फोटोत ते झकास दिसत होतं. हातात घेतल्यावर त्याचं वजनच सांगत होतं की हे नाटक आहे, आणि थरांच्या रेघा घासता घासता माझे दोन तास गेले.

मग प्रिंटरचा उपयोग कुठे होतो? कमी नगांसाठी आणि बारीक भागांसाठी. बक्कल, कड्या, बटणं, अत्तराच्या बाटलीचं झाकण, चष्म्याची चौकट, आणि सर्वांत जास्त दागिने. दागिन्यांच्या बाबतीत तर प्रिंटर मूळ नमुनाच बनवून देतो. रेझिनचा नमुना छापायचा, तो प्लास्टरमध्ये पुरायचा, भट्टीत जाळून नाहीसा करायचा आणि उरलेल्या पोकळीत सोनं किंवा चांदी ओतायची. या रीतीने निघालेली अंगठी ‘छापील’ नसते. ती खऱ्या सोन्याची असते, आणि सफाईदार हात फिरला तर भिंगाखालीही सहज ओळखू येत नाही. नक्कल करणाऱ्याने इथे एक पायरी गाळली आहे, ती नमुना कोरणाऱ्या कारागिराची. ज्या पायरीला पूर्वी महिने आणि कसब लागे, ती आता एका फाइलवर भागते. धोका कुठे असेल तर तो इथे आहे.

गंमत अशी, की हीच पायरी महागड्या ब्रँडांनीही गाळली आहे. दागिन्यांचे नमुने यंत्रावर काढणं त्या व्यवसायात गेली कित्येक वर्षं रोजचंच आहे. शनेलने २०१५ च्या हिवाळी कूट्युअर, म्हणजे खास मापाने शिवलेल्या उंची कपड्यांच्या, संग्रहात लेझरने भुकटी वितळवून घडवलेली जाकिटं मंचावर आणली, आणि २०१८ मध्ये थ्रीडी प्रिंटरवर काढलेला मस्काराचा ब्रश थेट मोठ्या बाजारात उतरवला. पानेराईने २०१६ मध्ये एका घड्याळाची टायटॅनियमची पेटी अशीच थराथराने घडवली, आतून पोकळ, म्हणून हलकी. तेव्हा ‘हाताचं काम विरुद्ध यंत्राचं काम’ ही जाहिरातीतली लढाई बाजूला ठेवू. दोन्हीकडे तेच यंत्र आहे. फरक फाइल कुणाची आणि तिच्यावर नाव कुणाचं, एवढाच उरतो. म्हणजे चर्चा ट्रेडमार्कवर येऊन ठेपते.

ट्रेडमार्कचं मूळ काम साधं होतं. ही वस्तू कुणाकडून आली, ते गिऱ्हाइकाला कळावं. त्याने एकदा चांगला अनुभव घेतला तर पुढच्या वेळी तेच चिन्ह शोधावं, वाईट घेतला तर टाळावं. चिन्ह हा गिऱ्हाइकाचा आधार होता. चैनीच्या वस्तूंनी त्याला दुसरं काम लावलं: ही वस्तू माझ्याकडे आहे, हे इतरांना दुरून कळावं. लुई व्हितॉनचा प्रसिद्ध मोनोग्राम १८९६ मध्ये लुईचा मुलगा जॉर्ज याने काढला. त्याआधी १८८८ च्या चौकटींच्या कापडावर नोंदणीकृत चिन्ह असल्याचे शब्दच छापलेले होते. दोन्हींमागे नकलांना आळा घालण्याचा हेतू होता. पेटीच्या आत कुठेतरी असणारं चिन्ह त्यांनी पेटीच्या सगळ्या अंगावर पसरवलं. नक्कल अवघड व्हावी म्हणून केलेला हा उपाय पुढे जगात सर्वाधिक नकला होणाऱ्या नक्ष्यांपैकी एक ठरला, कारण आता पेटी नव्हे, नक्षीच हवीशी झाली होती.

ही दोन कामं इतकी वर्षं एकमेकांत गुंतलेली होती, कारण चिन्हही कारखान्यातच लागत असे. थ्रीडी फाइलने तो गुंता सोडवला. फाइलमध्ये चिन्ह म्हणजे काय? काही हजार त्रिकोणांच्या जाळीतला एक उंचवटा. तो एका क्लिकमध्ये पुसता येतो, दुसऱ्या फाइलीतून आणून चिकटवता येतो. एक जण बिनचिन्हाच्या बक्कलाची फाइल विकतो. तिच्यावर हरकत घ्यायला काही नाही. दुसरा फक्त चिन्हाची फाइल फुकट ठेवतो. तिसरा दोन्ही उतरवून घेतो, एकत्र करतो आणि छापतो. ट्रेडमार्क यांपैकी नेमका कुणी ‘वापरला’? बनावट मालाच्या व्यापाऱ्यांना ही युक्ती नवी नाही. बिनचिन्हाचा माल एका वाटेने आणि लेबलं दुसऱ्या वाटेने आणून शेवटी एकत्र करायची, हे युरोपच्या तपास यंत्रणांनी अनेकदा नोंदवलं आहे. प्रिंटरने शेवटची जोडणी गिऱ्हाइकाच्याच घरात नेली.

कायद्याची शब्दरचना इथे अडते. बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स कराराने, १९९५ पासून, ट्रेडमार्कच्या मालकाला जो किमान हक्क दिला तो ‘व्यापाराच्या ओघात’ होणाऱ्या वापरापुरता आहे. घरी एक नग छापणं हा व्यापार नव्हे. आणि फाइल हा ‘माल’ आहे का, यावर एकाच देशात दोन सूर निघाले. अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे २०१६ मध्ये कराओकेच्या गाण्यांच्या नकली फाइलींचा खटला होता. गाणं लावलं की पडद्यावर मूळ कंपनीचं चिन्ह दिसे. न्यायालय म्हणालं, बारमध्ये गाणाऱ्याला डिजिटल मजकुराच्या उगमाबद्दल गोंधळ झाला तरी तो ट्रेडमार्कचा विषय नाही. ट्रेडमार्क कायदा हाती घेता येणाऱ्या मालाच्या उगमाबद्दल बोलतो. २०२३ च्या फेब्रुवारीत मात्र न्यूयॉर्कमध्ये एर्मेसने बर्किन पर्सच्या केसाळ डिजिटल चित्रांविरुद्धचा, म्हणजे ‘मेटाबर्किन्स’चा, खटला जिंकला आणि ज्यूरीने १ लाख ३३ हजार डॉलरची भरपाई दिली. एकाही चित्रात कुणाचं सामान मावत नव्हतं. दोन्ही निकालांची तथ्यं वेगळी आहेत, हे मान्य. पण महागड्या ब्रँडांचे वकील यापुढे कुठल्या निकालाचा दाखला देतील, ते सांगायला ज्योतिषी नको.

युरोपने अधिक सरळ मार्ग धरला, आणि तो मला पटतो. २०२४ च्या सुधारणेने डिझाइनच्या, म्हणजे वस्तूच्या बाह्यरूपाचं रक्षण करणाऱ्या, कायद्यात स्पष्ट लिहिलं, की एखादी वस्तू बनवता यावी म्हणून तिच्या डिझाइनची नोंद असलेलं माध्यम किंवा सॉफ्टवेअर तयार करणं, उतरवून घेणं, इतरांना वाटणं हेही हक्काचं उल्लंघन आहे. १ मे २०२५ पासून हे लागू होऊ लागलं. म्हणजे फाइलच आता कायद्याच्या कक्षेत आली. त्याच वेळी खासगी आणि बिगरव्यापारी कृतींना असलेली सूट कायम राहिली. आणि मुख्य म्हणजे डिझाइनचं संरक्षण तिथे जास्तीत जास्त २५ वर्षं टिकतं. त्यानंतर आकार सगळ्यांचा.

ट्रेडमार्क मात्र दर दहा वर्षांनी नूतनीकरण केलं की अमर आहे. म्हणून प्रत्येक कंपनीला आपल्या वस्तूचा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवून हवा असतो, आणि म्हणूनच न्यायालयं त्याबाबत हात आखडता घेत आली आहेत. लेगोने आपल्या विटेचा आकार नोंदवायचा प्रयत्न केला. पेटंट कधीच संपलं होतं, विटेवरच्या गुंड्या विटा जोडण्याचं काम करतात, तांत्रिक उपायावर कायमची मालकी देता येणार नाही, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. त्याहून मजेदार प्रकरण बँग अँड ओलुफसेनचं. त्यांच्या उंच, टोकाशी निमुळत्या होत जाणाऱ्या लाउडस्पीकरचा आकार २०११ मध्ये नाकारला गेला, आणि कारण काय, तर तो फारच देखणा आहे! आकारच वस्तूला मोठं मूल्य देत असेल तर तो ट्रेडमार्क होऊ शकत नाही, असं युरोपीय नियम सांगतो. स्पीकर विकणाऱ्यांनीच त्याचं एखाद्या शिल्पासारखं वर्णन केलेलं होतं, आणि तेच वर्णन पुरावा म्हणून त्यांच्यावर उलटलं. भारताच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातही हाच अपवाद आहे. उलट २०२१ मध्ये गेर्लांच्या लिपस्टिकचा होडीच्या बुडासारखा आकार नोंदवायला युरोपच्याच न्यायालयाने मोकळीक दिली, कारण बाजारातल्या इतर लिपस्टिकांहून तो खरोखरच निराळा होता. ती टेबलावर उभीसुद्धा राहत नाही.

माझ्या मते ही ओढाताण थ्रीडी प्रिंटिंगच्या काळात अधिक महत्त्वाची ठरते, कारण प्रिंटर मुळात आकाराचंच यंत्र आहे. चामडं, धागा, अत्तर, चक्रं यांच्याशी त्याचं देणंघेणं नाही. आकाराला अमर हक्क दिला, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या झाकणाचा घाट छापणाराही कायमचा गुन्हेगार होतो. त्यापेक्षा डिझाइनच्या कायद्याने पंधरा-पंचवीस वर्षं कडक संरक्षण द्यावं, फाइलींसकट द्यावं, आणि मुदत संपली की सोडून द्यावं. ट्रेडमार्कने नावाचं आणि चिन्हाचं काम पाहावं. देखणेपणाला मुदत असते म्हणून नवं देखणं काहीतरी घडवावं लागतं. ते चुकवण्यासाठी ट्रेडमार्कच्या मागच्या दाराने अमरत्व मागणं मला रुचत नाही.

आता पुन्हा पाहुण्यांकडे. १९५५ नंतर तो तर्क वाढतच गेला. १९९१ मध्ये फेरारीने एका माणसाला अडवलं. तो फायबरग्लासचे सांगाडे विकत असे, ते दुसऱ्या गाडीवर बसवले की ती फेरारी डेटोना किंवा टेस्टारोसा दिसे. घेणाऱ्याला ही फेरारी नाही हे पुरेपूर माहीत होतं. तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला गाडी पाहून गोंधळ होईल, या आधारावर न्यायालयाने बंदी कायम ठेवली. एका न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवलं, आणि मला तेच जवळचं वाटतं. गोंधळापासून गिऱ्हाइकाला वाचवणं वेगळं आणि दुर्मिळतेचं रक्षण करणं वेगळं. २००० साली एर्मेसच्या पर्सच्या नकलांबद्दलच्या खटल्यात तर न्यायालयाने उघडच म्हटलं, की जाणता गिऱ्हाईक नकली पर्स घेऊन खऱ्यासारखी मिरवतो तेव्हा तो नकलेच्या भावात खऱ्याचा मान मिळवतो, आणि ही हानी आहे.

कुणाची हानी? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आपण ज्या बाईबद्दल म्हणतो तिला आपण हसतो. तिच्यावर सोनाराने दावा लावावा असं कुणाला सुचत नाही. इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो याची खटपट माणसं करतच आली आहेत, आणि त्यात थोडं खोटं असतंच. उसना शालू नेसून लग्नाला गेलेल्या माणसाने शालूवाल्याचं काही चोरलेलं नसतं. ब्रँडने इतरांच्या मनात जो दरारा निर्माण केला तो त्याच्या कष्टाचा आहे, हे मी नाकारत नाही. जाहिरातींवर, दुकानांच्या काचांवर, दर्जावर त्याने पैसा ओतला आहे. पण तो दरारा तिसऱ्याच्या डोक्यात वसतो. तिथवर मालकी हक्क पोचवायचा तर घरात, समारंभात, रस्त्यावर कोण काय अंगावर घालतो यावर कंपनीचा पहारा बसवावा लागेल. व्यापाऱ्याने नकली माल विकला तर त्याला खुशाल पकडा. स्वतःसाठी एक बक्कल छापणाऱ्याला नको.

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की एकाने फुकट फाइल ठेवली आणि दहा हजारांनी ती उतरवली, तर प्रत्येक जण ‘खासगी’ असूनही परिणाम कारखान्याइतकाच होतो. खरं आहे. म्हणूनच मी छापणाऱ्याला सोडतो, पण नोंदणीकृत चिन्ह आकारातच कोरलेली फाइल जगासमोर ठेवणाऱ्याला सोडत नाही, मग तो पैसे घेवो की न घेवो. त्याची कृती सार्वजनिक आहे. तशी सूचना मिळाल्यावर ती फाइल संकेतस्थळाने काढून टाकावी. गिऱ्हाइकाच्या फाइलीवरून पैसे घेऊन छापून देणाऱ्या सेवांनाही तीच जबाबदारी हवी, कारण त्यांचा तर धंदाच आहे. दागिन्यांची कंपनी टिफनी आणि खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ ईबे यांच्या खटल्यात २०१० मध्ये जी कसोटी लागली ती इथे पुरते: आपल्याकडे कुठे तरी बनावट माल असतो अशी मोघम कल्पना पुरेशी नाही, पण अमुक नग बनावट आहे हे कळूनही चालू ठेवलं तर दोष लागतो.

दुसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. वस्तू घरात राहत नाही. हौसेने ओतलेली अंगठी पाच वर्षांनी वारसाकडे जाते, दहा वर्षांनी जुन्या मालाच्या बाजारात, आणि तिथला गिऱ्हाईक अस्सल समजून पूर्ण पैसे मोजतो. मूळ छापणाऱ्याचा हेतू निर्मळ होता, पण त्या अंगठीवर ‘मी गंमत आहे’ असं कुठे लिहिलेलं असतं? हा गिऱ्हाईक मात्र खराखुरा फसलेला आहे, आणि माझ्या उदारपणाची किंमत त्याने मोजली. त्यावर माझं उत्तर असं, की दोष विक्रीच्या क्षणी लागावा, छपाईच्या क्षणी नव्हे. पण हे उत्तर त्या माणसाचे पैसे परत आणत नाही, हेही मला दिसतं. मधला विक्रेता स्वतःच अजाण असेल तर कुणाच्या गळ्यात माळ घालायची?

ब्रँडांनी यावर जो उपाय काढला आहे त्यात एक अजब कबुली दडलेली आहे. शनेलने २०२१ मध्ये पर्समधलं ओळखक्रमांकाचं कार्ड बंद करून आत चिप असलेली धातूची पट्टी बसवायला सुरुवात केली. त्याच वर्षी लुई व्हितॉनचा मालक गट एलव्हीएमएच, प्राडा आणि रिशमाँचं कार्तिए यांनी मिळून ऑरा नावाचा ब्लॉकचेन संघ स्थापन केला. प्रत्येक वस्तूचा जन्मदाखला एका सामायिक नोंदवहीत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानेही वस्तूंना टप्प्याटप्प्याने डिजिटल पासपोर्ट देण्याचं ठरवलं आहे. हे सगळं योग्य दिशेने आहे. पण याचा अर्थ पाहा: वस्तूकडे बघून ती अस्सल आहे की नाही हे आता सांगता येत नाही, असं स्वतः बनवणारेच म्हणत आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी पेटीच्या बाहेर पसरवलेलं चिन्ह पुन्हा पेटीच्या आत गेलं. उगम सांगण्याचं काम चिपने उचललं, आणि बाहेरच्या मोनोग्रामकडे निव्वळ मिरवण्याचं काम उरलं. मग गिऱ्हाइकाची फसवणूक टाळण्यासाठी दिलेला हक्क त्या मिरवण्याला तितक्याच जोराने का मिळावा?

(जाता जाता: ही नोंदवही कंपनीच्याच हातात असली, तर जुनी पर्स विकणाऱ्या माणसाचं भवितव्यही तिच्या हातात जातं. नोंद ‘सापडत नाही’ म्हटलं की अस्सल वस्तू रातोरात बेवारस. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

हक्क सैल हातात पडला की काय होतं याचा एक नमुना चैनीच्या बाजाराबाहेरचा आहे. २०२२ मध्ये होंडाच्या तक्रारीनंतर प्रिंटेबल्स या फाइलींच्या संकेतस्थळाने होंडाशी संबंधित फाइली सरसकट काढून टाकल्या. त्यांत लोकांनी आपल्या जुन्या गाड्यांसाठी तयार केलेले छोटे सुटे भाग आणि उपयोगी जोडण्याही होत्या. हा भाग अमुक गाडीला बसतो, हे त्या गाडीचं नाव न घेता सांगायचं कसं? उद्या महागड्या घड्याळाच्या पट्ट्याची तुटलेली कडी छापणाऱ्याचंही हेच होईल. कंपनीकडे दुरुस्तीला दिलं तर कडीसाठी आख्खा पट्टा बदलायला सांगतात, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. संकेतस्थळाला खटला परवडत नाही, म्हणून नाव दिसलं की फाइल काढ, हा सोपा मार्ग ठरतो. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ही रीत प्रत्यक्षात बनावट मालाच्या व्यापाऱ्याला लागतही नाही. तो कधी अशा उघड्या संकेतस्थळावर आपली फाइल ठेवत नाही.

म्हणून तक्रारीचा कागदच मला वेगळा हवा आहे. फाइलच्या आकारात चिन्ह कोरलेलं आहे की फक्त वर्णनात नाव आलं आहे, हे तक्रारदाराने त्यात लिहावं. आकाराबद्दल हरकत असेल तर डिझाइनच्या नोंदणीचा क्रमांक आणि तिची शिल्लक मुदत लिहावी. सुट्या भागाची फाइल असेल तर ती चिन्हाशिवाय ठेवायला काय अडचण आहे, ते सांगावं. इतकी मेहनत एर्मेसला किंवा फेरारीला जड नाही. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे; हौशी माणसाकडे एक प्रिंटर आणि रविवारची दुपार.

अ‍ॅटमॉस घड्याळ अजून बनतं, आणि अजून किल्लीशिवाय चालतं. त्याची काचेची पेटी आणि पितळी चौकट कुणी घरी छापून आत साधं बॅटरीचं यंत्र बसवलं, तर पाहुण्यांपैकी एखादा नक्कीच फसेल. त्याला खात्रीच करायची असेल तर तो जवळ जाऊन वाकून बघेल, विचारेल, उद्या कदाचित फोन लावून चिप शोधेल. बहुतेक पाहुणे असलं काही करत नाहीत. चांगलं आहे म्हणतात आणि गप्पांकडे वळतात. त्या भिडस्तपणामुळे राहून गेलेल्या गैरसमजाची भरपाई यजमानाने घड्याळाच्या कंपनीला का द्यावी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.